काळ्या दोऱ्याचा कप्पा

वडिलांनी ती धोकटी स्वतःच्या हाताने शिवली होती. जुन्या खाकी ताडपत्रीचा तुकडा, मोच्याकडून मागून आणलेलं दाभण आणि तीन दुपारी. कैची, कंगवा, नखं काढायची नराणी, वस्तरा, प्रत्येकाला आपापला कप्पा. गुंडाळून पट्टा आवळला की काखेत मावायची. तेवढं घेऊन वडील चिचगडच्या आसपासची गावं पायी फिरत.

शेवटचा कप्पा काळ्या दोऱ्याने शिवलेला. त्यात दुसरा वस्तरा. तो फक्त दहाव्याला निघायचा, मयताच्या घरच्यांचं मुंडण करायला.

"जावळाले, लग्नाले याले हात लावाचा नाही," ते म्हणायचे.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? नाही म्हटलं ना!"

मी हसायचो. देवरीला माझं सलून, भिंतभर आरसा, वापरून फेकायची ब्लेडं. म्हाताऱ्याचं खूळ, म्हणून मी तो विषय सोडून दिला होता.

वडील गेले. दहाव्याला शेजारच्या गावच्या न्हाव्याने तलावाच्या पाळीवर तीच धोकटी उलगडली आणि काळ्या कप्प्यातल्या वस्तऱ्याने माझं डोकं केलं. घरी आल्यावर मी, स्वच्छतेचा मोठा शहाणा, सगळी हत्यारं गरम पाण्याने धुऊन खाटेवर उन्हात मांडली. परत भरायला बसलो आणि हात थांबला. दोन्ही वस्तरे एकाच बनावटीचे, दोन्हींची मूठ शिंगाची. खूण कप्प्याला होती, वस्तऱ्याला नव्हती. अंदाजाने एक इकडे सारला, एक तिकडे. कुणाला बोललो नाही. न्हाव्याच्या पोराला बापाचा वस्तरा ओळखता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

यंदा नातवाचं जावळ निघालं. मी सलूनातून नवं ब्लेड आणलं होतं, पण बायको सासऱ्याच्या वस्तऱ्यासाठी अडून बसली.

"मामाजीच्याच वस्तऱ्यानं होऊ द्या. आपल्या पोराचं त्याच्यानंच झालं होतं ना?"

पाहुणे बसले होते. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात, मी ती लाजेपायी पाहिली. साध्या कप्प्यातला वस्तरा काढला.

इतक्या वर्षांत न रडता झालेलं जावळ मी पाहिलेलं नव्हतं. पोरं किंचाळतात, मान फिरवतात, मामाच्या मांडीवर लाथा झाडतात. हा हललासुद्धा नाही. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"गुणाचा आहे बापा," बाया म्हणाल्या. मला मात्र भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पोरगा धडधाकट आहे. खातो, पळतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. तरी मी रोज दुपारी सलूनाचं शटर ओढून घरी येतो.

"कायले येऊन राहिले तुम्ही रोज उन्हाचे?" बायको विचारते.

जेवायला, म्हणतो. नातू आतल्या खाटेवर झोपलेला असतो. मी आधी त्याच्या नाकाखाली बोट धरतो. बोटाला श्वास लागला की मगच ताटावर बसतो.