भज्यांच्या कागदावरची तालीम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही.

दारव्ह्यात आम्ही दोघी मैत्रिणी, मी आणि शबाना. तिच्या अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, आमची सोयाबीनची शेती, आणि दोघींना नटी व्हायचं खूळ. ऑडिशनला कधी न पाहिलेला कागद हातात देतात आणि तिथंच वाचायला लावतात, हे कळलं आणि आमची तालीम सुरू झाली. बाजाराच्या दिवशी भजी खायची, मग त्याच रद्दीच्या कागदावर असेल ते वाचायचं. ट्रॅक्टरची जाहिरात, कुणाची श्रद्धांजली, भरताची कृती! तेलानं मागची अक्षरं पुढं आली तरी थांबायचं नाही. कागद देणारीनं आधी एवढंच सांगायचं — हसरं की रडकं. काय दिवस होते ते! शबाना श्रद्धांजली वाचायची तेव्हा भजीवाले काका झारा धरून नुसते ऐकत राहायचे. ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती. मला ते माहीत होतं. तिला मात्र — नव्हतं.

मग यवतमाळला एका मालिकेची ऑडिशन आली. मुलगी एकच हवी होती. खोली माडीवर, थांबायची जागा खाली. सगळ्यांना एकच पान. आधी मी गेले. 'आता मी कुणाला तोंड दाखवू?' अशी सुरुवात, आणि शेवटी कळतं की बघायला आलेल्या पाहुण्यांची टोपी शेळीनं खाल्लीय. मी वाचलं, सगळे हसले.

उतरताना जिन्यात शबाना भेटली. घाईघाईनं म्हणाली, "काय वं, हसरं की रडकं?"

किती वेळ लागतो खरं बोलायला?

मी म्हणाले, "रडकं."

ती वर गेली. मी जिन्यातच उभी राहून ऐकत होते. ती मनापासून रडत वाचत होती — आणि वर कुणीच हसत नव्हतं.

खाली आल्यावर ती माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, "शेळी आली तवा समजलं, पण आवाज फिरवताच नाई आला. तुनं तं रडकं समजूनबी जमवलं. माई नजरच कच्ची वं." तिला संशयसुद्धा आला नाही. काम मला मिळालं. तिनं पुन्हा कधी भज्यांचा कागद उलगडला नाही.

आता मी यवतमाळला मुलांना अभिनय शिकवते. गेल्या महिन्यात शबाना तिच्या मुलीला घेऊन आली. "हिले तूच शिकव," म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी पोरीच्या हातात पान दिलं. तिनं ते उघडलंच नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, हसरं की रडकं? आई म्हणते, आधी इचारायचं."

मी म्हणाले, "हसरं." ते हसरंच होतं.

दार उघडं होतं. पोरगी वाचत होती आणि बाहेर शबाना खळखळून हसत होती. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.