भ्यायलास? बरं झालं

"भ्यायलास? बरं झालं. आता गाठ नीट मारशील."

हे आमच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य. म्हणता म्हणता बोटाच्या पेरानं बांबू ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे, डॉक्टरानं छाती तपासावी तसे.

मी कोकणातला, चौथीत शाळा सुटलेली. लढाईच्या दिवसांत पोटासाठी घाट चढून पाटणच्या बाजूला आलो. मला सगळ्याचीच भीती, पाण्याची तर फारच. असल्या माणसाला कामावर कोण ठेवणार? साहेबांनी ठेवलं. म्हणाले, "न भिणारी माणसं मला परवडत नाहीत." ते उपकार मी विसरलेलो नाही.

साहेब बांबूवर संशोधन करत. तो कुठल्या मातीत जोमानं वाढतो, कापल्यावर कीड कशानं टळते, लोखंड मिळेनासं झालंय तर त्याच्या जागी चालेल का. एकाच बेटातले निम्मे बांबू आम्ही ओढ्यात दगडाखाली महिनोन्‌महिने भिजवायचो, निम्मे कोरडे ठेवायचो, पारखायला. भिजलेल्यांना असा वास मारायचा की जेवताना हातातला घास तोंडापर्यंत नेववत नसे.

गावानं ओढ्यावर साकव घालायला बांबू मागितले. साहेबांनी भिजवलेला ढीग दाखवला, आणि आम्ही दोघं कामासाठी साताऱ्याला गेलो. परतलो ते श्रावणात. ओढा फुगलेला, वर पिवळाधमक साकव. साहेबांनी ठोकून पाहिलं. आवाज बद्द आला, आणि बाहीवर किडीनं पोखरलेला पिठासारखा भुसा सांडला.

"हे कोरडे बांबू कुणी घातले?"

"आमीच," गावचे तात्या कौतुकानं म्हणाले. "लेकी यायच्यात पंचमीला. त्यास्नी काय नाक धरून म्हायेरात आनायचं व्हय, सायेब?"

तेवढ्यात पलीकडे लेकी दिसल्याच. कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. पाण्याच्या आवाजात आमच्या हाका बुडाल्या. आम्ही थांबा म्हणून हात हलवले, तर त्यांना वाटलं बोलावतायत. त्यांनीही हलवले, आणि भराभर निघाल्या.

साहेब चपला काढायला लागले. मी त्यांचा हात धरला. तो माझ्यापेक्षा जास्त कापत होता.

"साहेब, तुम्ही भ्यायलाय."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता पाय नीट पडेल."

मधोमध काहीतरी कडाडलं. मी डोळे मिटले ते तात्यांच्या आवाजानं उघडले. "माजी थोरली शिव्या देतीया. म्हंजी सायेब पोचला, गड्या."

साहेब पलीकडे चिखलात बसले होते, दोन्ही हात पसरून वाट अडवून. परका बाप्या वाट का अडवतो म्हणून बायका त्यांना झाडत होत्या. मग त्यांच्यादेखत साकवाचा मधला भाग पाण्यात गेला.

पंचमी लेकींनी पलीकडच्या गावातच केली. साहेबांना तिकडूनच साताऱ्याचं बोलावणं आलं, मागोमाग बदली. ते ओढ्याच्या अलीकडे परत आलेच नाहीत.

पाणी उतरल्यावर भिजवलेल्या बांबूंचा साकव झाला. पुढच्या पंचमीला लेकी पदर नाकाला लावून, हसत त्यावरून आल्या. त्या गेल्यावर मी पेरानं बांबू ठोकला, कान लावला. कुणी "भ्यायलास?" विचारेल म्हणून जरा थांबलो.

मग मीच "बरं झालं" म्हणालो आणि पाय टाकला.