मुदतीआधी पैसे भरणारा संशयित

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने सरकारी पगार घेऊन एका बैलाची चौकशी केलेली आहे. विषय गंभीर आहे. हसणाऱ्यांनी बाहेर जाऊन हसावे. ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आपण नक्की कोणाच्या मागावर होतो, या प्रश्नाने डोके पुन्हा गरगरते.

रहिमतपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी उरकते तोच सांगलीचे एक हळदीचे व्यापारी तक्रार अर्ज घेऊन आले.

"साहेब, तुमच्या हद्दीतला सर्जा म्हणून एक जण दर म्हयन्याला माझ्याकडनं हळकुंडं उधार नेतोय."

"पैसे बुडवले?"

"न्हाई, तेच तर! तीस दिसांची मुदत हाय, ह्यो ईस दिसांत भरतोय. चाळीस वर्सं धंदा केला साहेब, असं कोण करतंय?"

शेठ खुळे नव्हते. ठकांची ही जुनी रीत आहे. थोडा माल उधार न्यायचा, वेळेआधी पैसे भरायचे, आणि विश्वास बसला की ट्रकभर माल उचलून पसार व्हायचे. शिवाय सर्जाला कोणी पाहिले नव्हते. माल टेम्पोवाला न्यायचा. मी अर्ज आवकला घेतला आणि हवालदारांना फटफटीवरून पत्त्यावर पाठवले.

दुपारी ते परतले.

"सापडला सर. गोठ्यात हाय."

"लपलाय?"

"न्हाई सर, बांधलाय. बैल हाय. शर्यतीचा."

"जबाब घेतला?" मी सवयीने विचारले. हवालदारांनी डायरी उघडून कोरे पान दाखवले.

घराला कुलूप होते. मग बैलाच्या नावावर कोण उधारी करत होते? गोठ्यातल्या रिकाम्या पाकिटांच्या गठ्ठ्यावर साताऱ्याच्या एका पिशवीवाल्याचा पत्ता होता; हवालदारांनी त्याच्याकडे विचारले. तिथेही तेच: सर्जा, उधार, मुदतीआधी फेड. माझा संशय पक्का झाला. शेठना फोन करून सांगितले, तूर्त माल थांबवा.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून एक बाई आल्या. ठाणे अंमलदारांना ओलांडून थेट माझ्या टेबलावर त्यांनी फाईल आपटली. मी महिला अंमलदाराला बोलावून घेतले. बाईंपेक्षा मलाच आधार हवा होता.

"आवं साहेब, माझ्या कंपनीमागं पोलीस का लावलाय?"

"कंपनी? आम्ही सर्जाला शोधतोय."

"सर्जा आमचा बैल. आख्ख्या पंचक्रोशीत त्येचं नाव हाय, म्हणून कंपनीला दिलं. हळद दळून इकतो आमी."

नवरा फौजेत. दळायचे मोठे मशीन घ्यायला बाई बँकेत गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, तुमची पत आहे, पण कंपनीची नाही. ती अजून कालची पोर आहे.

"पैसे होते, तर हळकुंडं रोखीने का नाही घेतली?"

"रोखीनं घेतल्यावर पत कशी दिसायची? उधार घेतल्याबिगर फेडता येतंय व्हय?"

बाईंनी फाईल उघडून दाखवली. कंपनीचे बँकखाते वेगळे, पॅन वेगळा. "माझ्या पाकिटातनं एक रुपाया दिला, तरी ती माझी पत झाली साहेब. तिची न्हाई." म्हणजे कायद्याने कंपनी हा इसम, बैल इसम नाही, आणि दोघांचे नाव एकच. मी पाणी मागवले.

फाईलमधल्या शेठच्याच बिलावर ठळक अक्षरांत कंपनीचे पूर्ण नाव होते. पण गिऱ्हाइकाला हाकेच्या नावाने लिहायची त्यांच्या पेढीची पद्धत. मुनीमाने वहीत नुसते 'सर्जा' लिहिले आणि शेठनी त्या नावाला मिशा लावल्या.

"सोमवारी बँकेचा माणूस हळदवाल्याला आन् पिशवीवाल्याला फोन करून इचारणार हाय," बाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "पिशवीवाला कालपास्नं रोख मागतोय. शेठनी माल अडवलाय. वर्सभर उभी केली ती पत. तुमच्या एका फटफटीनं पाडली."

मी अर्जावर 'तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारला. पण बाजार शेरे वाचत नाही, गणवेश बघतो. त्या दिवशी दोन गोष्टी शिकलो. पत बांधणारा आणि गंडा घालणारा सुरुवातीला एकाच रस्त्याने चालतात; चालीवरून दोघांत फरक करता येत नाही. आणि पोलिसाने नुसते विचारले, तरी बाजारात तो निकाल असतो.

म्हणून शनिवारी गणवेश चढवून मी आधी साताऱ्याला गेलो. पिशवीवाल्याने पुन्हा उधारीवर माल द्यायचे कबूल केले. तिथून सांगली. शेठच्या दारात उभा राहून शेजारच्या चार पेढ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "ही कंपनी चोख आहे. चूक आमची होती." (मशीन पुढे दोन महिन्यांनी आले, पेढे ठाण्यातही पोचले.)

शेठनी हमालांना पोती टेम्पोत भरायला सांगितले. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि त्यांच्या तोंडून निघून गेले,

"तुमच्या शब्दावर माल सोडतोय साहेब, पर तुमची पत कुणाला इचारायची?"