तुकोजीचे बारीक आकडे

माझा धाकटा भाऊ तुकोजी याला कुंभकोणमात सगळे ‘टायपिंग सार’, म्हणजे टायपिंगचे सर, म्हणत. महामहम तळ्याजवळ त्याचं टायपिंगचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात तिथे सकाळपासून पोरी खडखड करत बसायच्या आणि हा चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या मागे उभा. पुढे मशीनं गेली आणि कंप्युटर आला. मी म्हटलं, “अरे मेल्या, पन्नाशीला आलास, आता हे नवं खूळ कशाला?” ऐकेल तर शपथ!

त्या कंप्युटरवर तो लग्नपत्रिका करी आणि गोविंदपुरमच्या भजनमंडळींची पुस्तकंही करून देई. आता आमची गंमत ऐका. आम्ही इथे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासूनचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मुलं तमिळ शाळेत जातात, म्हणून मराठी गाणीसुद्धा आम्ही तमिळ अक्षरांत वाचतो. आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून अक्षर एकच! मग अक्षराला वरच्या अंगाला बारीक आकडा चिकटवतात. दोन असला तर ख, तीन असला तर ग, चार असला तर घ. हे आकडे घालण्यात तुकोजीचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याची बायको गोमती. काय गळा होता तिचा! आमच्याकडे पोटुशी बाईचं वळैकाप्पु करतात, म्हणजे हातभर काचेच्या बांगड्या भरतात आणि भोवती बसून गाणी म्हणतात. कुणाचंही वळैकाप्पु असो, गायला गोमतीच हवी. टाळबीळ तिला लागत नसत. एका हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातातल्यांवर वाजवून ती ताल धरायची. सत्त्याण्णव साली तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. देवाला घ्यायला दुसरं काही सापडलं नाही का? मला अजून राग येतो.

दुसऱ्या वर्षी त्यांची विजी, विजयलक्ष्मी, डेट्रॉइटला गरोदर राहिली. तिला विमानाची बंदी आणि इकडे गोमतीची औषधं चालू, तेव्हा मायलेकींची भेट होणं शक्यच नव्हतं. गोमतीने पाटीवर लिहून आम्हाला बजावलं, “वळैकाप्पूला माझी गाणी झाली पाहिजेत.” विजीला ती येत नव्हती, शिकायच्या वयात ती अभ्यासात बुडालेली. पण तिथे आमच्यातल्या चारदोन बायका होत्या, त्या म्हणायला तयार झाल्या. पोस्टाने कागद वेळेवर पोचले नसते. जावई कृष्णमूर्ती तुकोजीला म्हणाला, “मामा, इंटरनेटवर पान करून टाका, आम्ही इथे उघडून वाचू.” तमिळ अक्षरं दिसायला लागणारा फॉन्ट तुकोजीने त्याला आधीच पाठवलेला होता.

गोमतीने लिहून दिलं, तुकोजीने टाइप केलं आणि बटण दाबून त्याचं इंटरनेटचं पान बनवलं. विजीचा फोन आला, “अप्पा, अक्षरं दिसतात, पण जागोजाग प्रश्नचिन्हं आहेत.” त्याचे बारीक आकडे वाटेत कुठेतरी मेले होते. याने काय करावं? बारीक जमत नाहीत तर साधेच असू देत म्हणून पुन्हा सगळे आकडे मोठे टाकले आणि पान पाठवून दिलं.

आता आमच्या भजनाच्या पुस्तकात ओळीपुढे मोठा आकडा असला की तितक्या वेळा म्हणायचं. तिथल्या बायकांची पुढारी त्रिपुरसुंदरी मामी मोठी शिस्तीची. पुस्तकात आहे म्हणजे आहे! ‘गोरी पोर’ अशी सुरुवात होती, म्हणजे पानावर ‘को ३ री पोर’, तर तिने तालमीत सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, “को, को, को, री पोर!” विजीने फोनवर हे सांगितलं आणि मी हसून हसून खाली बसले. वर बघते तर गोमती भिंतीकडे तोंड करून रडत होती. माझं हसू तिथेच विरलं.

तुकोजी पुन्हा कंप्युटरपुढे जाऊन बसला. ते पान आतून उघडलं की त्यात खुणा असतात म्हणे. आकड्याच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण घातली की आकडा वर चढून लहान होतो. प्रोग्रॅम त्या आपणहून घालत नव्हता, म्हणून हा प्रत्येक आकड्यासाठी हाताने घालत बसला. लग्नपत्रिकेची गिऱ्हाईकं येत, त्यांना म्हणे, “नंतर या.” शेजारी गोमती. एखादा सुटला की ती नखाने पडद्यावर टकटक करी. मी दोघांना तिथेच इडली भरवली, काय करणार!

मुहूर्ताचा रविवार उजाडला. तिकडे सकाळ, इकडे दिवेलागण. गोमतीने इथेही मला आणि स्वतःला हिरव्या बांगड्या भरल्या. फोन आला आणि आम्ही तिघं एका रिसीव्हरला कान लावून उभे राहिलो. बायका गाऊ लागल्या. ग तो ग, घ तो घ, एक अक्षर चुकलं नाही. पण अरे रामा, ते गाणं होतं का? शाळेत पाढे म्हणतात तसं एका सुरात चाललेलं! गोमतीचा चेहरा उतरला. तुकोजी माझ्याकडे बघून रडवेला होऊन म्हणाला, “अक्का, ताल कुठल्या खुणेत घालू गं मी?”

मला त्याची फार दया आली. एवढी आयुष्यभर अक्षरं बडवली बिचाऱ्याने. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोमतीने मला कोपराने बाजूला सारलं, रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि रिसीव्हरच्या बोलायच्या टोकाशी दोन्ही हात नेऊन बांगड्या वाजवायला लागली. छन्, छन्, छन‌छन्. तोच ताल.

पलीकडच्या बायका गोंधळून थांबल्या. मामी विचारायला लागली की हा आवाज कसला, लाइन बिघडली का.

“गप्प बसा हो, मामी,” विजी म्हणाली, “आई गातेय.”

मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.