मी आणलेले कुंकू

ते कुंकू मी आणले होते. ज्याला पुढे आमच्या घरात, आळीत आणि तिच्या माहेरीसुद्धा नशीब म्हटले गेले, ते पंचवटीतल्या एका दुकानातून कागदाच्या पुडीत बांधून मी स्वतः घरी आणले होते. हे आधी लिहून टाकतो. पुढे मला बऱ्याच जणांवर रागवायचे आहे, आणि तो राग माझ्यापासून सुरू झाला नाही तर त्याला काही अर्थ नाही.

१९३० नंतरची ती वर्षे. मी नाशकात कचेरीत कारकून होतो. नुकतेच लग्न झालेले. पत्नीचे माहेर त्र्यंबकचे. तिची आई कुंकू घरीच करी. हळकुंडे फोडून लिंबाच्या रसात टाकणखार घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटून फडक्याने गाळायची. माहेराहून येताना लेकीला डबा भरून मिळे. रंग विटेकडे झुकणारा. सकाळी न्हाणीतून आली की माझी पत्नी फणेरपेटीच्या आरशासमोर बसे, बोटाने कपाळावर मेणाचा ठिपका लावी आणि त्यावर ते कुंकू दाबी. मला तो रंग मळकट दिसे. तिचे कपाळ मला कधी मळके दिसले नाही, पण ते मी बोललो नाही. बोललो ते रंगाबद्दल.

त्या चैत्रात हेडक्लार्कांकडच्या हळदीकुंकवाहून तिला आणायला गेलो होतो. दारातून एकेक बाई बाहेर पडत होती. कपाळे लालभडक, दिव्याच्या उजेडात उठून दिसणारी. तेवढ्यात एक सहकारी माझ्या कानाशी हसत म्हणाला, "वहिनींनी काय गेरू लावलाय काय?" दुसऱ्या दिवशी मी पुडी घेऊन घरी आलो.

तिने चिमूट पाण्यात टाकून पाहिली. "अहो, हे बोटाला रंग सोडतंय. धुतलं तरी जात नाही."

"कुंकवाने रंग नाही सोडायचा तर कुणी सोडायचा?"

"पण माझं आहे ना डबाभर."

"ते देवाला ठेव. देवाला चालेल."

देवाला चालले. देव्हाऱ्यातल्या मूर्तींना त्र्यंबकचे कुंकू लागत राहिले. माझ्या बायकोच्या कपाळाला पावसाळा लागता लागता खाज सुटली, मग पुरळ आले, मग कातडी ओली राहू लागली. माझ्या आईने खोबरेल लावायला सांगितले, चंदन उगाळून दिले. मात्र तेलावर, चंदनावर, सगळ्यावर पुन्हा मेण आणि पुन्हा कुंकू. रात्री मेण पुसताना खपली निघे आणि सकाळी त्याच जागेवर नवे मेण बसे. तिने डब्यातले जुने कुंकू लावून पाहिले, पण उघड्या जखमेवर लिंबाचे तेही झोंबे.

"सासूबाई, वाळेपर्यंत कपाळ मोकळं ठेवू का?"

"नवरा ओटीवर धडधडीत बसलाय आणि मोकळं कपाळ घेऊन फिरणार? माझ्या मुलाच्या जिवाशी खेळ नको बाई."

आता माझ्या जिवाचे ऐका. त्याच पावसाळ्यात न्हाव्याच्या वस्तऱ्याने माझ्या गालावर पुरळ उठले. मी दाढी बंद केली. वाढलेले खुंट घेऊन कचेरीत गेलो, "संन्यास घेताय वाटतं?" असे लोक हसले, मीही हसलो. घरी आई तुरटी घेऊन पाठीमागे, पत्नी गरम पाण्याचा तांब्या घेऊन समोर. माझ्या गालाला विश्रांती मिळाली. माझ्या बिनदाढीच्या किंवा दाढीच्या तोंडावर कुणाचे आयुष्य अवलंबून नव्हते. मग माझे आयुष्य तिच्या फुटलेल्या कातडीवर कुणी चिकटवून ठेवले होते? मी पंचविशीचा, दोन वेळ जेवणारा, पायी कचेरीत जाणारा गडी. मला जगायला तिचे कपाळ कशाला हवे होते? हा प्रश्न आज लिहितानाही राग येतो. तेव्हा तो मला पडलाच नाही.

एका सकाळी ती खरोखरच मोकळ्या कपाळाने चहा घेऊन ओटीवर आली. कपाळाच्या मध्यभागी लालसर, ओलसर चकती. मी पाहिले आणि म्हणालो, "मी अजून मेलेलो नाही."

एवढेच. ओरडलोही नाही. ती कपबशी घेऊन तशीच आत गेली आणि मेण-कुंकू लावून परत आली. चहा निवला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते रडण्याचे नव्हते. जखमेवर मेण रगडले की डोळ्यांत पाणी येते. चहा मी प्यायलो.

जखम पुढे भरली, पण जागा पांढरी पडली. ती झाकायला कुंकू मोठे करावे लागले, आणि कुंकवाखाली पांढरे पसरत राहिले. आळीत कुजबुज सुरू झाली, कोड आहे म्हणून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सगळ्यांच्या कपाळी बोट टेकवले आणि हिच्यासमोर नुसता करंडा धरला. "तुमचं तुम्हीच लावून घ्या हो." ती घरी येऊन मला हे सांगत होती तेव्हा हातातला तीळगूळ तिने खाली ठेवला नव्हता.

मग मात्र तिला मेन रोडवरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भिंग लावून पाहिले. "हे कोड नव्हे. रंगाने कातडी पोळली आहे. कुंकू कुठलं लावता?"

तिने माझ्याकडे पाहिले. मीच तोंडातल्या तोंडात "बाजारचं" म्हणालो. इथे आता काही लावू नका, असे त्यांनी बजावले. परत येताना तिने एकच विचारले, "घरी सांगाल ना?"

"बघू," मी म्हणालो.

सांगितले नाही. पुडी कुणी आणली हे निघेल म्हणून सांगितले नाही. तिच्या कपाळी कुंकू लागतच राहिले. आईच्या लेखी सून खोड असलेली निघाली. आळीच्या लेखी तिचा स्पर्श टाळण्यासारखा. तिच्या धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न लोक "घराण्यात आहे काय?" म्हणून चाचपू लागले. आणि मी, ज्याच्या एका वाक्याने हे सगळे थांबले असते, रोज कचेरीत जाऊन दुसऱ्यांचे जबाब लिहून घेत होतो. त्या काकूंवर मला राग आहे, आईवरही आहे. पण त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

पुढच्या चैत्रात हळदीकुंकू आमच्याकडे होते. मी ओटीवर, आत बायका. कैरीच्या डाळीचा, पन्ह्यातल्या वेलचीचा वास. पत्नी करंडा घेऊन एकेकीपुढे जात असावी. मग काकूंचा आवाज आला, अगदी गोड, "नको नको, मी लावून घेते. तुम्ही राहू द्या हो." त्यावर कुणीतरी हसले.

मी उठून आत गेलो. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुष जात नाही. पदर सावरले गेले, आई म्हणाली, "अरे, तू कुठे मधे?" पत्नी करंडा हातात धरून उभी होती. "अहो, बाहेर व्हा ना," ती हळूच म्हणाली.

"हे कोड नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय. रंगाने पोळलंय. तो रंग मी आणला. ही नको म्हणत होती. जखम झाली तेव्हा मोकळं ठेवते म्हणाली, तेही मी ठेवू दिलं नाही. संक्रांतीपासून मला सगळं ठाऊक आहे आणि मी गप्प बसलो. आई, हिला बोल लावलास तो माझा होता."

मी तिच्याकडे वळलो. चार बायकांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलायचे नसते, तरी बोललो.

"माझं चुकलं. फार चुकलं. आजपासून कपाळ मोकळं ठेव. मी जिवंत आहे की नाही, हे विचारायचं असेल त्याने मला येऊन विचारावं."