पाचव्या आज्ञेचं कुमसार

परवा अलिबागला छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तो उजेडाला धरून म्हणाल्या, आजी, ही बरगडी कधी मोडली होती? मी विचारलं, यातली कोणती म्हणता? त्या हसल्या नाहीत, म्हणून मीच हसले. पण घरी आल्यावर वाटलं, हे एकदा लिहून ठेवावं.

शाळा मी पाहिलेली नाही. प्रार्थना मात्र लहानपणापासून तोंडपाठ. सासरी आल्यावर प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट ठेवायची आणि तोंडातला शब्द कागदावरच्या शब्दाशी जुळवायची. अशी मला अक्षरं आली. मग धर्मशिक्षणाचं एक फाटकं पुस्तक सापडलं, तेही वाचलं. दहा आज्ञा मला येत होत्याच, पण त्यांच्याखाली बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं हे तेव्हा कळलं.

खाडीच्या तोंडाशी माडांमध्ये आमची ख्रिस्ती आळी, पलीकडे कोळीवाडा. नवरा मचव्यावर, मालाच्या मोठ्या होडीवर, कामाला होता. सरकारनं दारूबंदी केली आणि आमच्याकडे दारू वाढली. खाडीकाठच्या चिखलरानात, खाजणात, भट्ट्या लागल्या, आणि जो माणूस पूर्वी सणाला प्यायचा तो रोज प्यायला लागला. त्याच्याकडे मचव्याचा सुंभाचा दोर होता. सुका दोर कातडं सोलतो. ओला दोर वरून काही दाखवत नाही, आत मांसात जातो. तो दोर भिजवून आणायचा. मला ती बादलीची चाहूल कळायची.

पहिलं बाळ पोटात पाच महिन्यांचं असताना गेलं. माशाला मीठ कमी पडलं म्हणून त्यानं मला ढकललं, पाट्याची कड पोटात बसली. दुसरं सात महिन्यांचं. तेव्हा लाथ होती. त्या बाळाला नखं आलेली होती, मी पाहिली. सासूनं घाईघाईनं त्याच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. तेव्हा त्यात जीव होता की नव्हता, देव जाणे.

सासू वाईट नव्हती हो. मार पडून गेला की मिठाचा शेक द्यायची, हळद लावायची. लावताना तिचा डावा हात मला दिसायचा, मनगटातून वाकडा. सासऱ्यांनी मोडलेला, आणि हाड बसवणाऱ्यानं तसाच बसवलेला. शेकता शेकता म्हणायची, हा आपला क्रूस, पोरी, वाहायचा. मलाही ते पटायचं. ख्रिस्तानं वाहिला, आपण कोण मोठ्या लागून गेलो?

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा कोळीवाड्यातली सुईण पोट बघायला आली. दोन्ही वेळा तीच आली होती. पोट बघायच्या आधी तिनं माझी पाठ पाहिली आणि लुगडं परत वर ओढलं.

"दोन येळा मी मेलेलं हातात घेतलं," ती म्हणाली. "तिसऱ्या येळी बोलावू नकोस. मी येणार न्हाय."

मी म्हटलं, मी काय करू, तो मारतो.

"तुझा देव काय सांगतो त्याला इचार. माझा तर कवाच सांगून थकला असता."

मला राग आला. आपल्या देवाला कोणी असं बोललं की येतोच. त्या रागात मी पुस्तक उघडलं आणि पाचवी आज्ञा काढली, खून करू नकोस. खाली बारीक अक्षरात होतं की आपल्या स्वतःच्या शरीराची हेळसांड करणं, त्याला इजा होऊ देणं, हेही या आज्ञेत येतं. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. आणि घाबरले. म्हणजे बघा, चार वर्षं मी क्रूस वाहते आहे असं समजत होते, आणि देवाच्या वहीत माझ्या नावावर पाप चढत होतं.

इस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. शनिवारी मी कुमसारला गेले, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला. फादर तरुण होते, नवेच आलेले, छापील मराठी बोलायचे. जाळीपाशी गुडघे टेकून मी म्हटलं, पाचवी आज्ञा मोडली.

"कोणाला मारलंस?"

"मी नाही मारलं, फादर. मारू दिलं."

"कोणाला?"

"मला."

मग ते म्हणाले, हे तुझं पाप नव्हे. मी म्हटलं, पुस्तकात आहे. तेव्हा त्यांनी विचारलं, मूल आहे का? मी सगळं सांगितलं, नखांचंसुद्धा. मला दर वेळी तीन प्रार्थनांचं प्रायश्चित्त मिळायचं. या वेळी त्यांनी सांगितलं, बाळ होईपर्यंत रोज एक पेला दूध पी. आणि मग नेहमीसारखं, पुन्हा हे पाप करणार नाही, म्हण.

मी म्हटलं. देवापुढे म्हटलं. चर्चच्या पायऱ्या उतरताना माझ्या ध्यानात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

आमच्याकडे उपासाच्या दिवसांत दूध, मांस घरात यायचं नाही. मी शेजारून शेळीचं दूध आणलं आणि चुलीपाशी बसून प्यायले. सासू बघत राहिली. मी सांगितलं, प्रायश्चित्त आहे. ती म्हणाली, असलं प्रायश्चित्त मला कधी मिळालं नाही. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी नवरा आला, पिऊन आला, आणि पेला माझ्या तोंडाला.

उपासात दूध पितेस, म्हणून त्यानं पेला उडवला. मी म्हटलं, फादरनी सांगितलंय. तिथंच चुकलं माझं. त्याच्या डोळ्यांपुढे एकदम सगळं आलं, की हिनं घरातलं बाहेर सांगितलं. तो अंगणात गेला. बादलीचा आवाज झाला.

पहिला दोर खांद्यावर बसला, दुसरा मी पोटावर हात धरले होते त्या हातांवर. बोटं हाडापर्यंत ठणकली. मी सरकत सरकत कोपऱ्यात गेले. तिथं मुसळ उभं होतं. त्यानं तिसऱ्यांदा हात वर केला आणि मी दोन्ही हातांनी मुसळ घातलं. मनगटाच्या वर बसलं. ओला बांबू मोडतो तसा आवाज झाला. दोर खाली पडला. मी पुन्हा घातलं, त्याच जागी. ते दुसरं घालायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो ओरडत भिंतीला घसरला, मग डाव्या हातानं माझी वेणी धरायला उठला. तेव्हा सासू मध्ये आली. तिनं पायानं दोर चुलीकडे लोटला.

"उगी बस," ती त्याला म्हणाली. "हाडवाल्याला बोलावते. माझं वाकडं बसलं, तुझं सरळ बसवून घेऊ."

आणि खाली वाकून तिनं पेला उचलला, धुतला, माझ्यापुढे ठेवला.

त्यानंतर मार थांबला असं लिहिलं तर खोटं होईल. हात बरा झाल्यावर त्यानं ताटं फेकली, एकदा तांब्या. पण दोर पुन्हा भिजला नाही, आणि मुसळ मी निजायचे त्या भिंतीला उभं असायचं. दिवस भरल्यावर सुईणीला निरोप गेला. ती दारातून आधी मुसळाकडे बघून आत आली. मुलगी झाली, रडत झाली. सुईण तिला उलटी धरून म्हणाली, ही मेलेली न्हाय गो, हिला आता खायला काय घालशील?

मुलगी व्हायच्या आधी, इस्टरच्या आदल्या दिवशी, मी पुन्हा कुमसारला गेले होते, पोट पुढे घेऊन. म्हटलं, फादर, पाचवी आज्ञा. या वेळी मारलं, दोनदा. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी विचार केला. पहिल्याचा नाही होत, म्हटलं. दुसऱ्याचा थोडा होतो.

ते म्हणाले, मग दुसऱ्याची क्षमा आज घेऊन जा. पहिल्याचा होईल तेव्हा ये.

ते फादर बदलून गेले, त्यांच्या मागून कितीतरी आले. पहिल्याचं अजून सांगायचं आहे. दूध मात्र मी रोज पिते.