बीडचा घोडा

मिरजगावला हायवेच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पोट चालतं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर. वेड मात्र बिडाच्या जुन्या खेळण्यांचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. मोडकी खेळणी मी जोडतो, त्यांची किंमत सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात जामखेडकडच्या एका आजींचा फोन आला. “बीडचा घोडा हाय माज्याकडं. पाय मोडलाय. जोडून देतोस का, बाबा?”

“बीडचा नाही आजी, बिडाचा म्हणायचं.” चूक दिसली की मला राहवत नाही. घरात याला मास्तरकी म्हणतात.

“व्हय. बीडचाच.”

दोन दिवसांनी त्या एसटीनं एकट्याच आल्या. वय ऐंशीच्या घरात. पिशवीतून त्यांनी एक टांगा काढला: वीतभर लांब, मागं दोन चाकं, पुढं घोडा. घोड्याचा पुढचा एक पाय गुडघ्यातून गेलेला, आणि तो तुकडा त्यांनी फडक्याच्या गाठीत जपून ठेवलेला. लाल रंग बराच उडाला होता, पण होता तो मूळचा. माझी नियत फिरली म्हणा ना.

“आजी, हा जोडला की किंमत निम्मी होते. आहे तसा द्या. पुण्याचा एक शौकीन चांगले पैसे देईल.” मग घडण, रंग, रिबिटांचे जोड, सगळं त्यांना समजावून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “उभा ऱ्हाईल का त्यो?”

“राहील, पण...”

“मंग जोड.”

मला रागच आला. “तापवताना तडकला तर आहे तोही जाईल, मग मला बोल लावू नका!”

“माज्या म्हायेरचं एवढंच उरलंय, बाबा,” त्या म्हणाल्या. “बीडचं.”

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. त्या पहिल्यापासून गावाचं नाव सांगत होत्या, आणि मी आपलंच घोडं पुढं दामटत होतो. लाज वाटली. गुमान भट्टी पेटवली.

बिडाशी घाई चालत नाही. हळूहळू तापवून पितळेचा टाका दिला आणि घोडा गरम राखेत पुरून ठेवला. एकदम गार झाला तर टणकन फुटतो. आता दुपारपर्यंत वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. चहा मागवला. चहा बशीत ओतता ओतता त्या बोलायला लागल्या.

“धा वर्साची हुते लग्नात. आईनं पेटीत लुगड्याखाली घालून दिला. सासरी लपून खेळायचे. एक दिस सासूबाईंची चाहूल लागली, लपवाय गेले तर जात्यावर आपटला. त्या रागावल्या न्हाईत. म्हनल्या, आता मोठी झालीस. झालं. म्होरं लेकरं झाली, नातवंडं झाली, समद्यास्नी खेळवलं. मी न्हाई खेळले.”

दुपारी राख बाजूला केली. तडा कुठंच नव्हता. गुडघ्यावर पितळेची पिवळी रेघ तेवढी. जमिनीवर ठेवला, तर घोडा चारी पायांवर उभा.

आजी तिथंच, लोखंडाच्या किसात, फतकल मारून बसल्या. एका बोटानं टांगा ढकलला. चाकं कुरकुरली. दुसऱ्यांदा जोरात ढकलला, आणि जिभेनं टक् टक् आवाजही काढला. मी हातोडा शोधत असल्यासारखं दाखवलं.

तेवढ्यात दारातून एका ट्रॉलीवाल्यानं हाक मारली, “मालक, हाय का?”

आजींचा हात झटकन फिरला. टांगा पदराखाली गेला आणि मान खाली. बाहेर जाऊन त्याला म्हणालो, “उद्या या, आज काम बंद आहे,” आणि शटर अर्धं खाली ओढलं.

“गेला तो, आजी,” मी आत येऊन म्हणालो. “कुणी नाही आता.”

त्यांनी एकदा शटरकडं पाहिलं. मग पदराखालून हळूच घोड्याचं तोंड बाहेर आलं.